मिळाले, मान्य

रविवारी तीन वाजता सगळ्यांनी आत्याच्या खोलीत जमायचं, असा निरोप चिमीने सकाळीच घरभर फिरून दिला होता. तीनला पाच कमी असताना आत्याने टेबलावरची औषधं, चष्म्याचं घर, शिवणाचा डबा सगळं उचलून कपाटात ठेवलं. भिंगांच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलेली बाई ती. तिच्याकडे तीन म्हणजे तीन.

तीनच्या ठोक्याला आई जिना उतरून आली. मागच्या दुकानातून सुतार, म्हणजे चिमीचा नवरा, अंगावरचा भुसा झटकत आला आणि दारातच पुन्हा एकदा झटकून घेतला, कारण आत्याची नजर त्याच्या बाहीवर होती. वहिनी दहा मिनिटांनी आली. दादा आला तो सव्वातीनला, चेहरा पाडून.

"पंधरा मिनिटं उशीर," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी अर्धा दिवस कापला असता."

"पोट बरं नाही."

"गुरुवारपासून बरं नाही यांचं पोट," वहिनी म्हणाली. "दोन घास खातात नि उठतात."

चिमीने दादाकडे पाहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

चिमीची गोटी खुर्चीचा पाय धरून उभी होती. तिला दहावा महिना होता आणि उभं राहणं ही चारच दिवसांपूर्वी लागलेली कला होती. बसायचं कसं हे अजून कळलं नव्हतं. थोड्या थोड्या वेळाने ती गुडघे वाकवून घाबरायची, तोंड वेडंवाकडं करायची, मग कुणीतरी हात पुढे करून तिला हळूच खाली टेकवायचं. कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असलं तरी कुणाचा ना कुणाचा हात पुढे जायचाच.

"वकीलबाईंनी तीन प्रश्न विचारलेत," चिमी म्हणाली. "उद्या अकरा वाजता कामगार अधिकाऱ्यांपुढे तेच निघणार. आपलं उत्तर एक असावं, म्हणून बोलावलं."

"एक उत्तर म्हणजे, जाणार नाही," सुतार म्हणाला. "झालं. चहा टाका."

"तुमच्या दुकानातली फळी आहे का ती? नाही म्हटलं की नाही?" आई म्हणाली. जावयाला ती असंच बोलायची आणि त्याला ते आवडायचं.

बदलीचा हुकूम येऊन दहा दिवस झाले होते. त्याच कारखान्याच्या तपासणी विभागातल्या चिमीने येत्या शनिवारी 'तिकडच्या' कारखान्यात हजर व्हायचं. तिकडचा कारखाना नऊ तासांवर. या घरात 'तिकडे' हा शब्द नेहमी जरा खालच्या आवाजात यायचा, कारण बाबा तिकडे गेले होते आणि तिकडेच वारले होते.

"पहिला प्रश्न. नेमणूकपत्रात काय लिहिलंय?" चिमीने पत्र उलगडलं. "या कारखान्यात, तपासणीच्या कामावर. बदलीचं अक्षर नाही. स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या नियमांत, आहे ते एका विभागातून दुसऱ्या विभागात हलवण्याचं. म्हणजे मला उद्या पॅकिंगला बसवलं तर बसावं लागेल. तिकडे धाडायचं असेल तर तसं आधी लिहून घेतलेलं हवं."

"आणि नसेल तर?"

"तर मालकाच्या मनात आलं म्हणून धाडता येत नाही. दुसरा प्रश्न, तिकडचा कारखाना कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? यांचाच," आई म्हणाली.

"मालक तेच. पण कागदावर कंपनी वेगळी. पाटी वेगळी, नोंदणी वेगळी. वकीलबाई म्हणाल्या, ही बदलीच नव्हे. ही नोकरी बदलणं झालं, आणि ती माझ्या होकाराशिवाय कुणालाच बदलता येत नाही. कामगार म्हणजे कपाट नव्हे, म्हणाल्या, एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायला."

"कपाट हलवायचं तरी मी आधी घरच्या बाईला विचारतो," सुतार म्हणाला.

वहिनी हसली. दादा हसला नाही.

"शिवाय हुकूम निघाला कधी ते बघा," चिमी म्हणाली. "पाळणाघराचा अर्ज आम्ही अकरा जणींनी दिला. पहिली सही माझी. त्यानंतर बाराव्या दिवशी हुकूम. तपासणीत आम्ही नऊ जणी आहोत आणि तिकडे गरज पडली ती नेमकी माझीच. अद्दल घडवायला केलेली बदली टिकत नाही."

बाळंतपणानंतर पुन्हा कामावर रुजू झाल्यापासून रोज दोनदा ती पॉलिशच्या पावडरीच्या पोत्यांमागे उभी राहून दूध काढून टाकत होती. तेवढ्यासाठी एक खोली मागितली होती, दाराला आतून कडी असलेली, आणि तान्ह्या मुलांसाठी चार पाळणे. मागणं एवढंच होतं. कायद्यातही तेवढंच लिहिलेलं होतं.

"मग अडलंय कुठे?" आईने विचारलं.

चिमीने तिसरा कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरून हात काढला नाही.

"तिसरा प्रश्न. तुम्ही हो म्हटलंत का? मी म्हटलं, नाही. वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, मरेन पण म्हणणार नाही. मग परवा माझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं. त्यासोबत हे."

तिने हात काढला.

बदलीच्या हुकमाची झेरॉक्स होती. खाली डाव्या कोपऱ्यात, गोल, सरळ, आखल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मिळाले, मान्य. त्याखाली तारीख, वेळ दहा वाजून चाळीस, चिमीचं नाव, 'करिता' आणि आत्याची सही.

भिंगावरचा ओरखडा शोधणं हे चिमीचं काम. काळ्या कापडासमोर दिव्याखाली भिंग फिरवायचं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पास की नापास ते ठरवायचं. हा कागदही तिला तेवढ्याच वेळात कळला होता. तरी ती दोन दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरली.

*

दादाला तो कागद गुरुवारपासून ठाऊक होता.

तो कारखान्याच्याच पर्सनल ऑफिसात होता आणि उत्तराची फाइल त्याच्याच टेबलावरून गेली. साहेब म्हणाले, "बघ, पोचपावतीवर 'मान्य' आहे. आता कशाला वाद?" त्याने सही पाहिली. त्या सहीने त्याचं शाळेचं प्रगतिपुस्तक भरलेलं होतं, त्याच्या पहिल्या नोकरीचा अर्ज त्या अक्षरात होता. ही माझ्या आत्याची सही आहे, कामगाराची नव्हे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलं आणि पोटात गेलं, ते अजून तिथेच होतं. या वर्षी त्याचं नाव वरच्या जागेसाठी गेलेलं होतं.

"दादा, तू पाहिलं होतंस का हे?" चिमीने विचारलं. तिने आवाज चढवला नाही.

"माझ्याकडे शंभर कागद येतात."

"हा पाहिलास का?"

"अगं, मी नोकर माणूस. माझाही हात दगडाखाली आहे."

"म्हणजे पाहिलात," वहिनी म्हणाली. "आणि घरी येऊन अळीमिळी गुपचिळी. मला म्हणालात, वांग्याने बाधलं."

"तू मध्ये पडू नकोस."

"का नको? माझं नाही का हे घर? उद्या मला कुठे धाडलं तरी असेच पोट धरून बसाल." तिने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून चिमीच्या शेजारी ठेवली आणि तिथे बसली. या दोघी जावाजावांसारख्या भांडायच्या. न्हाणीघराच्या बादलीवरून गेल्याच आठवड्यात भांडल्या होत्या.

"पण सही त्याने कुठे केलीय?" आई म्हणाली. तिने मुलाची बाजू घेतली, नेहमीसारखीच. "त्याच्यावर कशाला घसरता? वन्सं, तुम्ही सही केलीत?"

सगळे आत्याकडे वळले.

"केली," आत्या म्हणाली. "मग? कारखान्याचा शिपाई आला, पाकीट दिलं, वही पुढे केली. ही पोरीच्या तापापायी दवाखान्यात गेलेली. या घराचा कारखान्यातला प्रत्येक कागद मीच घेते. तुझा मी घेते, त्याचा मी घेते, तुमच्या बाबांचा मी घ्यायची. सहीशिवाय परत पाठवू?"

"सही ठीक आहे, आत्या. 'मिळाले' पण ठीक आहे. 'मान्य' का लिहिलंस?"

"तसंच लिहितात."

"कोण लिहितं?"



*

कोण लिहितं? टाइम ऑफिसात पाळी बदलण्याच्या चिठ्ठ्या यायच्या, दिवसाला तीसचाळीस. तिच्या आधीचे म्हातारे टाइमकीपर प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचे, मिळाले, मान्य. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सहीशिवाय कागद परत गेला की माणूस गैरहजर लागतो. ते तिने गाठीला बांधलं. तिच्या खिडकीतून एकही कागद सहीशिवाय परत गेला नाही आणि तिच्या चुकीने एकही माणूस गैरहजर लागला नाही. निरोपाच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रात नेमकं हेच लिहिलेलं होतं. ते समोरच्या भिंतीवर काचेत होतं.

"मी तुझ्या भल्याचंच केलं," ती म्हणाली. "गैरहजर लागली असतीस."

"माहीत आहे मला, आत्या."

ती 'माहीत आहे' म्हणाली ते आत्याला जास्त लागलं. ओरडली असती तर उलट ओरडता आलं असतं.

एवढ्यात आई उठली. जिना चढून गेली. वर ट्रंक ओढल्याचा आवाज आला. सुताराने गोटीला खाली टेकवलं. ती लगेच खुर्ची धरून पुन्हा उभी राहिली.

आई खाली आली तेव्हा तिच्या हातात सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. बाबा गेल्यावर तिकडून आलेला. सोळा वर्षं ती सुतळी कुणी सोडली नव्हती. आत काय आहे ते आईला ऑफिसातल्या साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं: बाई, तुमच्या यजमानांनी बदली राजीखुशीने मान्य केली होती. आमची जबरदस्ती नव्हती.

"चिमे, सोड ही गाठ," आई म्हणाली. "माझ्या नखांना येत नाही."

गाठ सुटेना. सुताराने खिशातून पटाशी काढली आणि सुतळी कापली. चिमीने कागद उलटत नेले. बाबांचा हुकूम बावीस वर्षांपूर्वीचा होता, पॉलिशिंग विभागातून तिकडे. खाली डाव्या कोपऱ्यात, गोल, सरळ, आखल्यासारखं अक्षर.

तिने तो पहिल्या कागदाशेजारी ठेवला. वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"सहा वर्षं," आई म्हणाली. "महिन्यातून एकदा यायचे. दर वेळी माझं एकच, तुम्ही हो म्हणून गेलात, दोन पोरं माझ्या पदरात टाकून हो म्हणून गेलात. ते म्हणायचे, मी हो म्हटलं नव्हतं. मी म्हणायची, मग कुणी म्हटलं? की गप्प. जेवत असले तर ताट सरकवून उठायचे, पण गप्प. मला वाटायचं खोटं बोलतात, म्हणून गप्प."



"ठाऊक होतं त्याला," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिचाच वाटेना. "जायच्या आदल्या दिवशी माझ्या खिडकीशी आला होता. म्हणाला, ताई, मी मान्य कधी म्हटलं गं? मी म्हटलं, कागद आला, मी घेतला, रीत आहे ती. तो उभा राहिला जरा. मग म्हणाला, बरं. आणि गेला." ती थांबली. "मला वाटलं, त्याला पटलं."

"पटलं नव्हतं, वन्सं. तुमचं नाव माझ्यापुढे घ्यायचं नव्हतं."

लहान भावाला आत्यानेच वाढवलं होतं. त्याच्या मुंजीएवढ्या वयापासून आईबाप नव्हते, त्याच्या भांगापासून बुटांपर्यंत सगळं तिने केलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तो तरी कुणाला काय सांगणार होता.

चिमीला वाटलं, आता आई बोलेल. सोळा वर्षांचं, बावीस वर्षांचं सगळं बोलेल. पण आईने गठ्ठ्यातले कागद टेबलावर आपटून सारखे केले आणि म्हणाली, "उद्या अकराला काय सांगायचं ते ठरवा. त्यांचं होऊन गेलं. हिचं व्हायचंय."

"मी सांगते," आत्या म्हणाली. "सही माझी. हिला विचारलं नव्हतं. हिने मला तसा अधिकार दिलेला नव्हता."

"आत्या, ते विचारतील, एकतीस वर्षं तू असंच लिहीत होतीस का," दादा म्हणाला. "तुझी सगळी टाइम ऑफिसची नोकरी काढतील. आणि मग विचारतील, पर्सनलमध्ये कुणाला ही सही ओळखता आली नाही का? मी कंपनीच्या बाजूला बसणार आहे उद्या. समोर."

"तुझं नाव मी घेणार नाही, दादा," चिमी म्हणाली.

"मी घेते हवं तर," वहिनी म्हणाली.

"कुणी कुणाचं नाव घेऊ नका," आत्या म्हणाली. "दुसऱ्याच्या नावाने लिहून लिहूनच हे झालंय. प्रत्येकाने आपापलं बोलावं. मला कोरा कागद द्या."

तिने चष्मा लावला. लिहिलं, खोडलं नाही, पुन्हा वाचलं. मग सही करायच्या आधी तो कागद तिने आईकडे सरकवला.

"आधी तू वाच. काही राहिलं असेल तर सांग."

आईला वाचायला वेळ लागायचा. ती एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेली. कुणी घाई केली नाही. घड्याळात चार वाजून गेले तरी आत्याने तिकडे पाहिलं नाही.

"त्यांचाही कागद जोडा," आई शेवटी म्हणाली. "म्हणजे कळेल, एकदाच झालेलं नाही."

*

कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीतलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. आत्याने ते आत शिरताच चिमीच्या कानात सांगितलं.

टेबलाच्या अलीकडे चिमी, आत्या आणि वकीलबाई. पलीकडे कंपनीचे साहेब आणि दादा, मांडीवर फाइल. गोटी बाहेर बाकावर बापाकडे होती. तिचा आवाज अधूनमधून आत यायचा, तेव्हा चिमीच्या पदराखाली दूध झिरपायचं आणि ती बॅग छातीशी धरून बसायची.

अधिकाऱ्यांनी आत्याचं निवेदन वाचलं. मग जुना हुकूम पाहिला. मग नवा.

"आजी, मान्य म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, साहेब. ते दुसऱ्याच्या वतीने लिहिता येत नाही, हे माहीत नव्हतं."

कंपनीचे साहेब पुढे झुकले. "या घरातले सगळे कागद वर्षानुवर्षं याच बाई घेतात. घरच्यांची संमती गृहीतच आहे. एकत्र कुटुंब आहे."

"नोकरी एकत्र नाही," वकीलबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पेनाने फाइलकडे बोट केलं. "ह्या कामगाराने यांना लेखी अधिकार दिल्याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादाने फाइल उघडली. आत काय आहे ते त्याला पाठ होतं, तरी त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नीट पाहिलं. चिमीने नजर टेबलावर ठेवली. त्याच्याकडे बघणंसुद्धा त्याच्यावर जोर केल्यासारखं झालं असतं.

"नाही, साहेब," दादा म्हणाला.

"शोधून देता येईल का?"

"नाही. असा कागद नाहीच. आणि ती सही कुणाची आहे हे मला गुरुवारीच कळलं होतं."

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दादाने फाइल मिटली. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता, उलटी होऊन गेल्यावर येतो तसा.

निकाल त्या दिवशी लागला नाही. असे निकाल एका दिवसात लागत नाहीत. पण निकालापर्यंत हुकूम थांबला. चिमीने आपल्याच टेबलावर, आपल्याच दिव्याखाली काम करायचं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. पाळणाघराचा अर्ज काय झाला, तेही तेव्हा लेखी सांगायचं. अधिकाऱ्यांनी लिहिलेलं पान चिमीने दोनदा वाचलं, आणि मग 'मिळाले' एवढंच लिहून सही केली.

बुधवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिपाई आला. हातात पाकीट, काखेत वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन. पाकिटावर दादाचं नाव होतं. त्या दिवशी त्याला कामावर येऊ नका म्हणून सांगितलेलं होतं, तो वर घरीच होता.

आत्याचा हात सवयीने पेनाकडे गेला. पेन बोटांत आलंसुद्धा. मग तिने ते वहीत ठेवलं आणि वही मिटली.

"बाई, घ्या की नेहमीसारखं," शिपाई म्हणाला. "मला अजून चार घरं आहेत."

"असू देत." ती जिन्याशी गेली. "अरे, तुझा कागद आलाय. खाली ये."

"तूच घे ना, आत्या," वरून आवाज आला.

"नाही घेणार. तुझा आहे. ये, वाच, मग काय लिहायचं ते तुझं तू लिही."

पावलं ऐकू आली, आधी दादाची, मागून वहिनीची. वहिनीच्या कडेवर गोटी होती. हल्ली दिवसभर तिच्याकडेच असायची.

आत्याने टेबलाजवळची खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि शिपायापुढे ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "त्याला वाचायला वेळ लागेल."

इतक्या वर्षांत शिपाई त्या घरात पहिल्यांदाच बसला.